८.४, ३.३ आणि एक ‘सॉरी’



गेल्या वेळी आपण ‘अभिरुची’ या संकल्पनेचा विचार केला. कलाकृती चांगली आहे असे म्हणताना आपण नेमके काय म्हणतो, आवड सांगतो की निर्णय देतो, असा तो प्रश्न होता. चर्चा फार हवेत गेली, एखादं उदाहरण घेऊन बोला, अशी सूचना त्यानंतर आली. सूचना योग्य आहे. म्हणून आज आपण एकच उदाहरण घेणार आहोत, आणि तेही तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहसा न येणारे. अमेरिकेतल्या एका इंडी पॉप बँडचा पहिला अल्बम, आणि समीक्षकांनी त्याचे केलेले स्वागत. स्वागत म्हणायचं की काय म्हणायचं, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

आधी ‘इंडी’ या शब्दाविषयी दोन वाक्ये. इंडिपेंडंटचे हे लघुरूप. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर राहून, छोट्या कंपन्यांमार्फत किंवा स्वतःच्या बळावर गाणी काढणारे ते इंडी, असा मूळ अर्थ. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये या वाटेने आलेल्या, गोड चालींच्या आणि थोड्या ओबडधोबड वादनाच्या गाण्यांना इंडी पॉप म्हणू लागले. पुढे हा शब्द व्यवसायाच्या पद्धतीपेक्षा संगीताच्या चवीसाठी जास्त वापरला जाऊ लागला. हा अर्थबदल लक्षात ठेवा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता घटना. फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल नावाचे शहर आहे. तिथल्या पाच जणांचा ‘ब्लॅक किड्स’ हा बँड. रेगी यंगब्लड हा मुख्य गायक व गिटारवादक, त्याची बहीण अली कीबोर्डवर, आणि आणखी तिघे. २००७ साली त्यांनी चार गाण्यांचा एक छोटा संच मायस्पेस या संकेतस्थळावर फुकट ठेवून दिला. नाव ‘विझर्ड ऑफ आह्ज’. त्याच वर्षी ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी ८.४ गुण दिले आणि उत्तम नव्या संगीताच्या यादीत बसवले. जुलै २००८मध्ये त्यांचा पहिला पूर्ण अल्बम आला, ‘पार्टी ट्रॉमॅटिक’. निर्माता बर्नार्ड बटलर, म्हणजे ‘स्वेड’ या ब्रिटिश बँडचा एकेकाळचा गिटारवादक. अमेरिकेत तो कोलंबिया या बड्या कंपनीने प्रकाशित केला. ब्रिटनमध्ये त्याचे स्वागत चांगले झाले, विक्रीच्या यादीत तो पाचव्या क्रमांकापर्यंत चढला.

आणि पिचफोर्कने त्याला दिले ३.३ गुण. परीक्षण काय लिहिले? काहीच नाही. पग जातीच्या दोन कुत्र्यांचा एक फोटो. मोबाइलच्या जाहिरातीमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेली तीच जात, तोच केविलवाणा चेहरा. फोटोबरोबर एक शब्द, ‘सॉरी’, आणि विरामचिन्हांनी काढलेले एक वाकडे तोंड. संपले परीक्षण.

आम्ही हे प्रथम पाहिले तेव्हा हसू आले. मग जरा वेळाने अस्वस्थ वाटू लागले. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला ही अस्वस्थता लगेच कळेल. उत्तरपत्रिकेवर ८४ गुण दिले, वर्षभरात तीच पोरं पुन्हा बसली, या वेळी ३३ दिले आणि शेऱ्याच्या जागी कुत्र्याचे चित्र काढले, तर परीक्षकाला आपण काय म्हणू?

कोणी म्हणेल, एका संकेतस्थळाचे एवढे काय घेऊन बसलात? तर त्या काळी पिचफोर्क म्हणजे काय होते, हे थोडे समजून घेऊ. रायन श्रायबर या तरुणाने १९९०च्या दशकाच्या मध्यात मिनिआपोलिसमध्ये हे संकेतस्थळ सुरू केले. पुढे ते शिकागोला गेले. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे शून्यापासून दहापर्यंत, दशांशासह गुण. पाच तारे किंवा चार तारे नाही, तर ७.६, ८.१ अशी मोजमापाची भाषा. थर्मामीटर लावल्यासारखी. २००४ साली ‘आर्केड फायर’ या कॅनडातल्या बँडच्या पहिल्या अल्बमला तिथे ९.७ मिळाले, आणि अनेकांना तो बँड त्या आकड्यामुळेच माहीत झाला. मोठ्या जाहिरातीचा पैसा नसलेल्या गायकांसाठी हा आकडा म्हणजे कार्यक्रमाचे आमंत्रण, कंपनीचा करार, चार लोकांचा पोटापाण्याचा प्रश्न. म्हणजे जिथे गुण देणाऱ्याच्या हातात दुसऱ्याची भाकरी आहे, अशी ही जागा.

आता एक गणित करू. सोपे आहे. ‘पार्टी ट्रॉमॅटिक’मध्ये दहा गाणी आहेत. गंमत अशी, की त्या फुकट संचातली चारही गाणी या दहांत आहेत, नव्याने ध्वनिमुद्रित केलेली. समजा त्या चार गाण्यांची प्रत पूर्वीइतकीच आहे, प्रत्येकी ८.४. चारांची बेरीज झाली ३३.६. दहा गाण्यांना सरासरी ३.३ मिळायचे तर एकूण बेरीज हवी ३३. मग उरलेल्या सहा गाण्यांची मिळून किंमत किती? शून्याच्याही खाली. उणे ०.६! म्हणजे ती सहा गाणी नुसती वाईट असून भागणार नाही. ती इतकी वाईट हवीत की त्यांनी शेजारच्या गाण्यांच्या खिशातले गुण काढून घ्यावेत.

तुम्ही लगेच म्हणाल, कलाकृतीचे गुण असे सरासरीने निघत नाहीत. बरोबर. पूर्ण आकृतीची किंमत ही घटकांच्या किमतींची बेरीज नसते, हे जी. ई. मूरने १९०३ साली नीतिशास्त्राच्या संदर्भात मांडले, आणि मराठीत मर्ढेकरांनी लयतत्त्वांच्या आधारे घटकांच्या परस्परसंबंधांवर भर दिला तो त्याच जातीचा विचार आहे. एका जागी गोड लागणारा स्वर दुसऱ्या जागी बेसूर वाटू शकतो. पण मग हे गणित आपल्याला एक गोष्ट निश्चित सांगते. चार गाणी तीच असताना निकाल एवढा उलटला, तर मधल्या काळात काहीतरी बदलले असले पाहिजे. काय बदलले? तीन शक्यता आहेत.

पहिली शक्यता, गाणीच बदलली. नवे ध्वनिमुद्रण म्हणजे नवी वस्तू. आमचे कान हिंदुस्थानी संगीतावर वाढलेले, तरी या व्याख्यानासाठी आम्ही दोन्ही रूपे हेडफोन लावून लागोपाठ ऐकली. फरक आहे. पहिल्या रूपात सगळे आवाज एका छोट्या खोलीत दाटीवाटीने उभे असल्यासारखे वाटतात. मुली कोरसमध्ये जवळजवळ ओरडतात, आणि त्या गर्दीत एक उत्साह आहे. अल्बमवर प्रत्येक वाद्य वेगळे, स्वच्छ, चकचकीत ऐकू येते. घरगुती मेहुणात आणि मंगल कार्यालयातल्या पंगतीत जो फरक असतो तसा म्हणा. एखाद्याने म्हटले असते, की या चकचकाटात गाण्यातला जीव गेला, तर तो एक समीक्षात्मक युक्तिवाद झाला असता. आपण तो तपासून पाहू शकलो असतो.

दुसरी शक्यता, गाणी ज्या वर्गात बसवून ऐकली तो वर्ग बदलला. केंडल वॉल्टन या तत्त्वज्ञाने १९७०मध्ये एका निबंधात हा मुद्दा मांडला. आपण कलाकृती नुसती पाहत नाही, कोणत्या तरी प्रकारातली म्हणून पाहतो, आणि तिचे सौंदर्यगुण त्या प्रकारावर अवलंबून असतात. संगमरवरी अर्धपुतळा पाहून, या माणसाचे धड कुठे गेले, असे आपण विचारत नाही. अर्धपुतळ्याच्या प्रकारात छातीशी थांबणे ठरलेलेच असते. आता बघा, कोणाचा आधार नसलेल्या पाच जणांनी फुकट दिलेली चार गाणी हा एक प्रकार. तिथे कच्चेपणा हा दोष ठरत नाही, उलट ताजेपणा ठरतो. बड्या कंपनीने नामांकित निर्मात्याकडून करून घेतलेला, दुकानात पैसे देऊन घ्यायचा अल्बम हा दुसरा प्रकार. तिथल्या अपेक्षा वेगळ्या. ‘इंडी’ शब्दाचा अर्थबदल लक्षात ठेवा म्हटले होते, ते यासाठी. चव इंडीची आणि व्यवसाय बड्या कंपनीचा, अशी वस्तू कोणत्या वर्गात बसवायची? वर्ग बदलला म्हणून गुण बदलले, हेही समर्थनीय असू शकते. पण समीक्षकाने तसे सांगितले पाहिजे. कारण मग वाचक विचारू शकतो, बाबा रे, फुकट असताना आवडलेले गाणे विकत घेतल्यावर का आवडू नये?

तिसरी शक्यता, ऐकणारा बदलला. ही सर्वांत नाजूक. मधल्या काळात या बँडची फार चर्चा झाली, आणि ती पेटवणाऱ्यांत स्वतः पिचफोर्क होते. चर्चा फार झाली की चोखंदळ माणसाला तिचा उबग येतो. आपण ज्याला पुढे आणले त्याच्यामागे सगळे जग धावू लागले की आपल्याला थोडे ओशाळल्यासारखे होते. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक आहे, स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे. प्रेक्षक स्वतःच्याच विवंचनेत गुंतला असेल तर समोरच्या नाट्यात त्याचे चित्त विसावत नाही. प्रतिष्ठेची काळजी हीसुद्धा एक विवंचनाच. ‘आपण मागच्या वेळी फसलो तर नाही ना’ हा प्रश्न डोक्यात घेऊन जो गाणे ऐकायला बसतो, तो गाणे ऐकतच नाही. तो स्वतःचा मागचा निकाल ऐकत असतो.

पिचफोर्कच्या बाबतीत यांतली कोणती शक्यता खरी होती? इथेच सगळी अडचण आहे. आपण ठरवू शकत नाही, कारण लिहिलेलेच नाही. एका शब्दाखेरीज.

मग त्या शब्दाकडेच वळू. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली दिलेली व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने आली. त्यात त्यांनी दाखवले, की काही शब्द वस्तुस्थिती सांगत नाहीत, ते उच्चारणे हीच एक कृती असते. वचन देणे, पैज लावणे, माफी मागणे. आणि अशा कृतींना अटी असतात. माफी मागायची तर काही चूक घडलेली हवी, ती आपल्याकडून घडलेली हवी, आणि जिच्या बाबतीत घडली ती व्यक्ती समोर हवी. ‘सॉरी’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात हळहळही बसते आणि क्षमायाचनाही. बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला तरी सॉरी, आणि कोणाचे वडील गेले तरी इंग्रजीत सॉरीच. मराठीत आपल्याला दोन्हींसाठी वेगळे शब्द काढावे लागतात, म्हणून हा गोंधळ मराठीतून चटकन दिसतो.

तर हे ‘सॉरी’ कोणाला उद्देशून? वाचकांना असेल तर अर्थ होतो, ‘आम्ही ८.४ दिले ती चूक होती, तुम्हाला भलतीकडे नेले.’ पण मग चूक मागच्या परीक्षणात आहे. शिक्षा मात्र नव्या अल्बमला. बँडला उद्देशून असेल तर अर्थ होतो, ‘तुम्हाला बुडवतोय, वाईट वाटतंय.’ म्हणजे नुसती हळहळ. आणि तिसरा अर्थ, ‘आम्ही तुम्हाला वेळेआधी उंच चढवले, त्याचे ओझे तुमच्यावर पडले.’ हा अर्थ सर्वांत माणुसकीचा. तो असेल तर त्याच्याबरोबर ३.३ हा आकडा शोभत नाही. चूक मान्य करणारा माणूस चुकीची किंमत दुसऱ्याकडून वसूल करत नाही. तीनही अर्थ एका शब्दात तरंगत ठेवले, की कोणत्याच अर्थाची जबाबदारी घ्यावी लागत नाही.

ह्यूमने १७५७च्या ‘अभिरुचीचा निकष’ या निबंधात ‘दोन किहोते’मधली एक गोष्ट सांगितली आहे. सांको पांझाच्या दोन नातलगांना पिंपातली वाइन चाखायला बोलावले. एक म्हणाला, वाइन उत्तम, पण चामड्याची किंचित चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची चव येते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत अडकवलेली एक जुनी किल्ली सापडली. ह्यूमला सांगायचे होते ते रसनेच्या सूक्ष्मतेबद्दल. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या दोघांनी नुसते ‘वाइन बिघडली’ असे म्हटले नव्हते. एकाने चामडे म्हटले, दुसऱ्याने लोखंड. त्यांनी कारण सांगितले, म्हणून पुढे किल्ली सापडल्यावर ते खरे ठरू शकले. त्यांनी दहापैकी ३.३ म्हटले असते, तर किल्ली सापडूनही काही सिद्ध झाले नसते.

आता कलेच्या बाबतीत पिंप कधी रिकामे होत नाही, तळाशी किल्ली सापडत नाही, असा आक्षेप येईल. रास्त आहे. समीक्षकाची कारणे भूमितीतल्या सिद्धतेसारखी नसतातच. पण आर्नल्ड आयझेनबर्ग यांनी १९४९मध्ये म्हटल्याप्रमाणे समीक्षकाचे शब्द आपल्याला नेमके कुठे पाहायचे ते दाखवतात. ‘या कडव्यानंतर ड्रम कसा थांबतो ते ऐका’ असे कोणी म्हटले की आपण पुन्हा ऐकतो, आणि कधी पटते, कधी नाही. न पटण्यासाठीसुद्धा आधी काहीतरी सांगितलेले असावे लागते. फोटोशी मतभेद कसा करणार?

दुसरा आक्षेप, अहो, तो विनोद होता. एवढे गंभीर काय? पॉप संगीत आहे, समीक्षाही खेळकर असू द्या. खेळकरपणाला आमची ना नाही. आचार्य अत्र्यांच्या महाराष्ट्रात विनोदी टीकेला ना कोण म्हणेल? पण अत्र्यांची टीका वाचताना ते कशावर तुटून पडले आहेत हे कळायचे. विनोदाने कारण तिखट करता येते. त्याने कारणाची जागा घेतली, की उरते ती मोठ्याने लहानाची केलेली थट्टा. आणि इथे लहान कोण होते ते आपण पाहिले.

मत बदलण्याच्या हक्काबद्दल मात्र काही शंका नको. मत बदलणे हे जिवंत मनाचे लक्षण आहे. पिचफोर्कनेच २०२१मध्ये आपल्या १९ जुन्या परीक्षणांचे गुण बदलले. लिझ फेअर या गायिकेच्या २००३च्या अल्बमला पूर्वी ०.० दिले होते, ते ६.० केले. ‘डाफ्ट पंक’च्या ‘डिस्कव्हरी’ला पूर्वी ६.४ होते, ते पूर्ण १० केले. काही ठिकाणी गुण कमीही केले. आणि या वेळी प्रत्येक बदलासोबत थोडक्यात का होईना, कारण लिहिले. यालाच आमच्या परीक्षाविभागाच्या भाषेत पुनर्मूल्यांकन म्हणतात. फरक एवढाच, की विद्यार्थ्याला पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. गायकाला अर्ज करायची सोय नाही. म्हणून ही जबाबदारी समीक्षकाने आपणहून घ्यायची असते.

ब्लॅक किड्सचा दुसरा अल्बम ‘रूकी’ आला २०१७ साली, म्हणजे नऊ वर्षांनी. एवढ्या विलंबाचे खापर एका परीक्षणावर फोडणे योग्य नाही. बँड थांबायला शंभर कारणे असतात. पण त्यांच्या पहिल्या अल्बमविषयी आज कोणाला विचारा, ब्रिटनमधले अनुकूल लेख सहसा कोणी सांगत नाही. ती दोन कुत्री सांगतात. ज्या मजकुरात संगीताविषयी एक शब्द नव्हता, तोच मजकूर त्या संगीताची ओळख होऊन बसला.

आज गुण देण्याचे यंत्र आपल्या सर्वांच्या खिशात आहे. सिनेमा, पुस्तक, खानावळ, रिक्षावाला, सगळ्यांना आपण तारे देतो आणि पुढे जातो. तिथे आपण सगळे छोटे पिचफोर्कच आहोत. म्हणून एक साधी शिस्त सुचवतो, वर्गात आम्ही स्वतःला लावून घेतलेली. पस्तिसाच्या आत गुण द्यायचे असतील, तर आधी समासात एक पूर्ण वाक्य लिहायचे, त्या मुलाला वाचून कळेल असे. कितीदा तरी ते वाक्य लिहिता लिहिता आमच्याच लक्षात आले की उत्तर आपण नीट वाचलेले नाही. मग गुण बदलले. कधी वाढले, कधी तेवढेच राहिले. पण वाक्य राहिले, आणि त्या वाक्याशी भांडायला काही मुलं खोलीपर्यंत आली. त्यांतल्या दोघा-तिघांचे म्हणणे बरोबर होते.

आज इथेच थांबू. ती चार गाणी दोन्ही रूपांत ऐकून या, लागोपाठ. पुढच्या वेळी आकडा सांगू नका, काय ऐकू आलं ते सांगा.